वाचून दाखवणारी माणसं मिळवताना : काय करावे, काय टाळावे

अंध वाचकांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करायची आहेत असं परभणीत चारचौघांत काढलं, की लगेच नावं निघू लागतात. अमुक सर सूत्रसंचालन झकास करतात, तमुक वहिनींचा आवाज थेट रेडिओतला. नावं लिहून घ्यावीत, पण त्यांच्यावर विसंबू नये. गोड गळे जिल्ह्यात पोत्यानं आहेत. दोनशे पानांचं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत नेणारी माणसं मात्र हुडकावी लागतात.

हिशेब साधा आहे. मराठी पुस्तकाचं एक पान नीट वाचायला अडीच-तीन मिनिटं लागतात. दोनशे पानांचं रेकॉर्डिंग नऊ-दहा तासांचं होतं. अडखळणं, पुन्हा वाचणं, ऐकून दुरुस्त करणं धरलं तर याच्या तिप्पट वेळ जातो. आठवड्याला दोन तास देणाऱ्या माणसाला एक पुस्तक साडेतीन-चार महिने पुरतं. पुढचं सगळं या हिशेबावर उभं आहे.

कामाला हात घालण्याआधी

करा : आधी ऐकणाऱ्यांना विचारा. बारावीच्या मुलीला इतिहास हवा असतो. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात बीए करणाऱ्याला प्राध्यापकांच्या झेरॉक्स नोट्स हव्या असतात, स्पर्धा परीक्षेवाल्याला चालू घडामोडी. काचबिंदूनं किंवा शुगरनं नजर गेलेल्या निवृत्त गुरुजींना रोजचा पेपर हवा असतो, तोही सकाळी दहाच्या आत. ब्रेलमध्ये मराठीत काहीच नाही असं नाही. स्वागत थोरात यांचं ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक १५ फेब्रुवारी २००८ पासून निघतं. पण साठीनंतर नजर गेलेल्याची बोटं ब्रेलला सहसा सरावत नाहीत. त्याचा सगळा भार कानांवर.

टाळा : आपल्या आवडीचं पुस्तक पहिलं घेणं. येणाऱ्या दर दोन स्वयंसेवकांपैकी एकाला ‘मृत्युंजय’ वाचायची असते. वाचू द्या, पण अर्थशास्त्राची दोन प्रकरणं झाल्यावर. १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ॲन मॅक्डोनल्ड यांनी अशा रेकॉर्डिंगची संस्था उभी केली, ती महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांची कॉलेजची पुस्तकं अडली होती म्हणून. कादंबरी थांबू शकते, परीक्षा थांबत नाही.

करा : तेच पुस्तक आधीच कुणी केलंय का ते पाहा. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात देशभरातल्या संस्थांनी तयार केलेली पुस्तकं एकत्र आहेत. नाव टाकून शोधायला पाच मिनिटं लागतात. न शोधता केलेल्या दुबार कामात चार महिने जातात.

करा : माणसाचा आवाज खरंच लागणार आहे का, हे ठरवा. युनिकोडमधला मराठी मजकूर मोबाइलवरचा टॉकबॅक वाचतो, संगणकावर एनव्हीडीए वाचतो आणि तो फुकट मिळतो. अडतं ते जुन्या फॉन्टपाशी. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली फाइल उघडली की यंत्र अगम्य बडबड सुरू करतं, आणि झेरॉक्सच्या झेरॉक्सवरचं तर त्याला काहीच दिसत नाही. अशा ठिकाणी माणूस बसवा. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर स्वयंसेवकाचे तास त्यावर घालवू नका. कादंबरीचं मात्र वेगळं. यंत्राच्या आवाजात कादंबरी ऐकणारे आहेत, पण हौसेनं ऐकणारा विरळा.

माणसं कुठं मिळतात

करा : पारायणाला बसणाऱ्यांकडे जा. हा जनाबाईंच्या गंगाखेडचा जिल्हा. सप्ताह नाही असं गाव शोधावं लागेल. सात दिवस रोज ठरल्या वेळी आसनावर बसून ग्रंथ वाचणाऱ्या बायाबापड्यांकडे आपल्याला हवी ती गोष्ट आहे. मांडी मोडत नाही, वेळ चुकत नाही, ओळ गाळली तर पाप लागेल अशी भीतीही असते. शिक्षण चौथीपर्यंतचं असलं तरी छापील अक्षर अडत नाही. अडचण एकच, पोथीचा सूर. गद्य परिच्छेदही ओवीसारखा हेलकावे घेत येतो आणि प्रत्येक वाक्याचं शेपूट वर जातं. भूगोलाचा धडा त्या सुरात ऐकणं अवघड. उपाय आहे. माइक बाजूला ठेवून त्यांना समोरच्या माणसाला बातमी सांगायला लावा, ‘काल मानवतला काय झालं माहितंय का’ अशी. त्याच सुरात पहिलं वाक्य वाचायला सांगा. आठवडाभरात बहुतेकींचा सूर उतरतो. ज्यांचा उतरत नाही त्यांना संतवाङ्मय द्या. त्यालाही ऐकणारे पुष्कळ आहेत.

करा : निवृत्त शिक्षकांना विचारा, विशेषतः ज्यांनी वर्षानुवर्षं श्रुतलेखन घेतलं त्यांना. शब्द तोडून, विरामचिन्हासकट वाचायची सवय त्यांच्या जिभेला असते. फक्त मध्येच समजावून सांगायची खोड सोडवावी लागते. ‘म्हणजे काय, तर’ हे पुस्तकात नसेल तर रेकॉर्डिंगमध्येही नको.

करा : आकाशवाणीच्या परभणी केंद्रावर काम केलेल्या नैमित्तिक उद्घोषकांना पुस्तक मागू नका, दोन तास मागा. माइकपासून किती अंतरावर बसायचं, ‘प’ आणि ‘फ’चा फटका कसा चुकवायचा, श्वास कुठं घ्यायचा, हे ते एका बैठकीत वीस जणांना शिकवतात.

करा : कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेशी बोला. या योजनेत विद्यार्थ्याला वर्षाला १२० तासांचं काम दाखवायचं असतं. रेकॉर्डिंगचे तास त्यात धरले जातील का, हे कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. कृषी विद्यापीठातली मुलं उत्साही असतात, पण परीक्षा आणि सुट्ट्यांत गावी पांगतात. त्यांना चाळीस पानांच्या पुढचं काही देऊ नका.

करा : उर्दू वाचणारे वेगळे शोधा. परभणी, पाथरी, जिंतूर इथं उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, म्हणजे उर्दूतून ऐकू इच्छिणारी अंध मुलंही असणार. मराठी यादीतल्या कुणालातरी ‘तुम्हाला येते ना थोडी’ म्हणून बसवणं हा दोन्ही बाजूंचा अपमान.

करा : १५ ऑक्टोबर सोडू नका. त्या दिवशी आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन असतो आणि त्याच तारखेला जगभर पांढरी काठी दिनही असतो. शाळा-कॉलेजात तसाही कार्यक्रम ठेवलेला असतो. तिथं भाषण करू नका. एखाद्या अंध विद्यार्थ्याला मोबाइलवर दुप्पट वेगानं पुस्तक ऐकताना मुलांना पाहू द्या. नावं त्या दिवशी आपसूक येतात.

टाळा : व्हॉट्सॲपवरचं ‘आवाज दान करा, पुण्य मिळवा’. दोनशे जण हात जोडल्याचं चिन्ह पाठवतात, सात जण फोन करतात, आणि सातातले पाच ‘कार्यक्रम कधी आहे’ विचारतात. पुण्यासाठी आलेला माणूस पुण्य पदरात पडलं असं वाटलं की थांबतो, साधारण तिसऱ्या प्रकरणापाशी.

टाळा : ‘बिचारे’, ‘दुर्दैवी’, ‘प्रकाशाची वाट’. ऐकणारा ग्राहक आहे. त्याला माल चांगला हवा.

टाळा : काम होण्याआधी सत्कार. शाल मिळाली की अर्धं काम झाल्यासारखं वाटतं.

आवाहन असं लिहा, आणि एवढंच लिहा : ‘आठवड्याला दोन तास, चार महिने. मानधन नाही. घरी बसून मोबाइलवर करता येईल. आधी एक पान वाचून पाठवायचं. ते अंध वाचक ऐकतील आणि ठरवतील.’ शेवटचं वाक्य वाचून निम्मे लोक गळतात. गळू द्या.

नमुन्याचं पान

करा : नमुना म्हणून कविता किंवा भावपूर्ण उतारा देऊ नका. असं पान द्या ज्यात दोन माणसांचा संवाद आहे, एक छोटं कोष्टक आहे, तीन-चार परकी नावं आहेत आणि एखादी तळटीप आहे. माणूस कोष्टकापाशी कळतो. कुणी ते गाळून पुढं जातो. कुणी आकडे एका दमात ओततो. एखादा थांबून म्हणतो, ‘इथं तीन रकान्यांचं कोष्टक आहे, पहिला रकाना तालुका, दुसरा पेरणी, तिसरा पाऊस,’ आणि मग एकेक ओळ वाचतो. हा तिसरा सोडू नये, त्याचा आवाज घोगरा असला तरी.

करा : निवड अंध वाचकांनाच करू द्या, आणि ती दुप्पट वेगावर. सराईत ऐकणारे पुस्तक सरळ वेगानं ऐकत नाहीत. दीडपट, दुप्पट, परीक्षा जवळ असली तर त्याहून जास्त. त्या वेगावर नाट्यमय चढउतार, हुंदके आणि भारदस्त विराम चेंगरून जातात. उरतं ते फक्त उच्चारण. डोळसांच्या समितीनं पहिला क्रमांक दिलेला आवाज ऐकणाऱ्यांनी अर्ध्या मिनिटात बंद करणं ही नेहमीची गोष्ट. ‘ऐकायला छान आहे, अभ्यासाला नाही,’ असं ते सांगतात आणि पुढचा नमुना मागतात.

टाळा : बोलीवरून माणूस नाकारणं. ‘काहून’ आणि ‘व्हय’ म्हणणारा माणूस छापील वाक्य स्वच्छ वाचू शकतो. उलट आसाराम लोमटे यांच्यासारख्या इथल्याच लेखकाची कथा वाचायची तर ज्याच्या कानात ही बोली आहे तोच हवा. पुण्याच्या वळणाचा आवाज तिथं उपरा वाटतो.

करा : नापास झालेल्याला दुसरं काम लगेच द्या, त्याच फोनवर. रेकॉर्डिंग पुस्तकासमोर धरून तपासणं, फाइलींना नावं देणं, पुस्तकाची पानं स्कॅन करणं, पूर्णा किंवा सोनपेठला पेनड्राइव्ह पोचवणं. तपासणारे तर वाचणाऱ्यांइतकेच लागतात, आणि ते कुणी मागत नाही म्हणून मिळत नाहीत.

पुस्तक हातात देताना

करा : पहिलं काम वीस पानांचं. ते वेळेत आलं तर साठ, मग पुस्तक.

करा : कादंबरीला एकच आवाज. पाठ्यपुस्तक धड्यांप्रमाणे चौघांत वाटलं तरी चालतं, पण एका धड्यात आवाज बदलू नये.

करा : थांबलेल्या पुस्तकाचा नियम पहिल्याच दिवशी सांगा. सहा आठवडे एकही फाइल आली नाही तर पुस्तक दुसऱ्याकडे जाईल, राग नाही, विचारणा नाही. हा नियम नसेल तर कुणी कुणाला काही म्हणत नाही, पुस्तक कपाटात पडून राहतं आणि मुलगी परीक्षेला तशीच बसते. मराठवाड्यात भीड फार. ‘सरांना कसं विचारायचं’ या एका वाक्यानं कितीतरी कामं मेली आहेत.

करा : रविवारी एका माणसानं सगळ्यांना फोन करायचा. ग्रुपवर संदेश टाकणं म्हणजे फोन करणं नव्हे.

टाळा : जून उजाडल्यावर शोध सुरू करणं. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते, दहावीची तिच्या पाठोपाठ. जूनला पुस्तक हातात पडलं तर दिवाळीपर्यंत रेकॉर्डिंग पूर्ण हवं, म्हणजे माणसं मार्च-एप्रिलमध्येच ठरलेली हवीत.

वाचायला बसल्यावर

वाचणाऱ्यांना द्यायच्या सूचना एका कागदावर मावतील एवढ्याच ठेवा. त्यातल्या न टळणाऱ्या या :

पंखा बंद, कूलर बंद. परभणीच्या मे महिन्यात हे सांगणं सोपं आहे, पाळणं नाही. म्हणून उन्हाळ्यात वीस-वीस मिनिटांच्याच बैठका घ्या. वेळ रात्री दहानंतरची बरी. पहाट शांत असते हा गैरसमज आहे : भूपाळी, अजान, दुधाची गाडी आणि कोंबडे सगळे तेव्हाच जागे असतात. गणपती, उरूस आणि लग्नसराई यांच्या तारखा आधीच वगळा.

स्टुडिओ लागत नाही. कपड्यांनी भरलेल्या कपाटाची दारं उघडून त्याच्याकडे तोंड करून बसा आणि पाठीमागे दोरीवर एक जाड गोधडी टाका. रिकाम्या खोलीतला घुमारा एवढ्यानं बराच उतरतो. ओटा, फरशी आणि आरसा असलेली जागा टाळा. मोबाइल तोंडापासून वीतभर लांब, थोडा तिरपा, विमान मोडवर. तोंडात सुपारी नको.

सुरुवातीला पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती. प्रत्येक पान सुरू होताना पानाचा आकडा म्हणायचाच. वर्गात ‘पान ४७ काढा’ असं सांगितलं जातं तेव्हा ऐकणाऱ्यालाही तिथं पोचायचं असतं. प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी, नावात आधी क्रमांक. पुढं डेझी स्वरूपात पुस्तक करायचं झालं तर, ज्यात ऐकणारा थेट हव्या त्या प्रकरणावर किंवा पानावर उडी मारतो, हीच शिस्त कामी येते.

६४ केबीपीएसची मोनो एमपीथ्री फाइल तासाला साधारण २९ एमबी होते. अख्खं पुस्तक ३०० एमबीच्या आत बसतं. व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

नकाशा, आलेख, चित्र गाळू नका. आधी काय आहे ते एका वाक्यात, मग जे दिसतं तेवढंच. ‘सुंदर चित्र आहे’ याचा कुणाला काही उपयोग नाही.

शिवी आली तर शिवी वाचा. शृंगाराचा प्रसंग आला तर तोही. इथं बरेच सज्जन वाचक नकळत सेन्सॉर होतात; आवाज दबतो, दोन ओळी गायब होतात. ऐकणारा प्रौढ आहे आणि लेखकानं ते त्याच्यासाठीच लिहिलं आहे. ज्याला जमणार नाही त्यानं ते पुस्तक आधीच परत करावं.

कायद्याचं

करा : काम शासनमान्य ग्रंथालयाच्या किंवा अंधांसाठी काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या नावानं करा. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आणि कलम ५२ मध्ये अपंग व्यक्तींसाठी पुस्तक सुलभ स्वरूपात आणण्याची मुभा आली. लेखक-प्रकाशकाची परवानगी त्यासाठी लागत नाही. व्यक्तीलाही ही मुभा आहे, आणि संस्थांमध्ये सरकारमान्य ग्रंथालयं व शिक्षणसंस्थाही धरल्या आहेत. म्हणजे तालुक्याचं साधं वाचनालयदेखील हे काम उजळ माथ्यानं करू शकतं. अटी अशा : नफा नको, घ्यायचाच तर निर्मितीचा खर्च, आणि प्रती अपंग व्यक्तींपुरत्याच राहतील याची संस्थेनं काळजी घ्यायची. पुढं अशी पुस्तकं देशाच्या सीमेपलीकडे पाठवता यावीत म्हणून २०१३ मध्ये माराकेश करार झाला. तो मंजूर करणारा भारत पहिला देश होता.

टाळा : यूट्यूब. ‘सगळ्यांनाच ऐकू दे की’ हे म्हणणं मनाला पटतं, कायद्याला नाही. जिवंत लेखकाचं पुस्तक सर्वांसाठी खुलं टाकलं की ती मुभा संपली. स्वयंसेवकाला आपला आवाज पाहुण्यारावळ्यांना ऐकवायची हौस असते. त्याच्यासाठी खालची वाट ठेवा.

करा : एखादं तरी पुस्तक मुक्त साहित्यातलं घ्या. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात. सातोन्याचे बी. रघुनाथ १९५३ मध्ये गेले, त्यांनी स्वतः प्रसिद्ध केलेलं लेखन २०१४ पासून मोकळं आहे. त्यांच्या कथा-कादंबऱ्या रेकॉर्ड करा, अंध वाचकांना द्या, आणि हव्या तर साऱ्या जगाला ऐकवा. नव्या संपादकाची प्रस्तावना आणि टिपा मात्र वगळा. त्यांचे हक्क वेगळे.

करा : स्वयंसेवकाकडून एका पानाचं संमतीपत्र पहिल्याच दिवशी घ्या. रेकॉर्डिंग कुणाकडे राहील, नाव जाहीर करायचं की नाही, आणि हा आवाज यंत्राला शिकवायला दिला जाईल का, हे तिन्ही त्यात स्पष्ट हवं. आता आवाजाची नक्कल करणारी सॉफ्टवेअर कुणाच्याही हाती आहेत, तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं छापूनच ठेवा. ज्याला द्यायचाच आहे तो खोडून सही करील.